शिलकीचा दिवस

मुलांनो, आधी एक सोपा प्रश्न. नकाशावर एके जागी निळं टिंब आहे आणि शेजारी ‘झरा’ असं लिहिलेलं आहे. तिथे प्यायला पाणी मिळेल का?

‘मिळणारच की, बाई!’ माझ्या चौथीच्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं होतं. तुम्हीही मनातल्या मनात तेच म्हणालात ना? मग पुढे वाचाच.

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहरात राहतो. फेब्रुवारीत त्याचा निरोप आला, ‘ताई, जुलैच्या सुट्टीत आम्ही आठजण सायकलवरून उडनाडाटाच्या वाटेने जायचं म्हणतोय. लेकही येणार आहे. तू वर्गाला नकाशे शिकवतेस, तर आमची सहल आखून दे की!’ त्याने हे गमतीने लिहिलं होतं. पण त्याच्या लेकीला नुकतं तेरावं लागलेलं. त्यामुळे मी ती गंमत जरा गंभीरपणे घेतली. का, ते ओघात सांगते.

आधी ही वाट आहे कुठे, ते पाहू. ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर घ्या. मोठी शहरं बहुतेक सगळी समुद्राकाठी आहेत. मधला प्रचंड भाग कोरडा, लाल मातीचा, अगदी विरळ वस्तीचा. त्याला तिकडे ‘आउटबॅक’ म्हणतात. दक्षिण किनाऱ्यावर ॲडलेड सापडलं? तिथून उत्तरेला जवळपास ७०० किलोमीटर गेलं की मारी नावाचं चिमुकलं गाव लागतं. इथे आपली वाट सुरू होते. विल्यम क्रीक आणि उडनाडाटा ही गावं घेत ती मार्ला इथे संपते. एकूण अंतर सुमारे ६२० किलोमीटर. रस्ता माती-खडीचा. एका गावापासून दुसरं गाव २०० किलोमीटरवर! मधे दुकान नाही, चहाची टपरी नाही. विल्यम क्रीकला ‘गाव’ म्हणायचं तेही कौतुकाने, कारण तिथली कायमची वस्ती आपल्याकडच्या एका मोठ्या एकत्र कुटुंबाएवढी. शेजारी ॲना क्रीक नावाचं गुरांचं कुरण आहे, ते एकटंच गोव्याच्या चौपट आहे.

मग अशा ओसाड मुलखात वाट पडली तरी कशी? ती पाडली पाण्याने! ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भूभागाखाली खोलवर पाण्याचा एक अफाट साठा आहे. पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांतून झिरपत झिरपत, लाखो वर्षांचा प्रवास करून या बाजूला झऱ्यांच्या रूपाने वर येतो. पाण्यातले क्षार साठून झऱ्याभोवती लहान टेकाडं तयार होतात. अरबाना हे इथले मूळ रहिवासी. त्यांना हे झरे हजारो वर्षांपासून ठाऊक आहेत. ताम्रवर्णी गेरूचा व्यापार याच झऱ्यांच्या ओळीने चाले. पुढे जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट हा शोधक प्रवासी झऱ्यांच्याच आधाराने उत्तरेकडे सरकला आणि १८६२ साली त्याने समुद्र गाठला. त्याच्या मागोमाग १८७२ मध्ये तारायंत्राची लाईन आली. त्या काळी ॲडलेडहून लंडनला जाणारी तार आपल्या मुंबईमार्गे जायची, बरं का! मग रेल्वे आली, १८८४ मध्ये मारीला आणि १८९१ मध्ये उडनाडाटाला. वाफेच्या इंजिनालाही पाणी लागतंच. ही जुनी रेल्वे १९८० साली बंद पडली. तिचे पूल, ओस पडलेली स्टेशनं आजही वाटेवर दिसतात. आलजीबकिना इथला लोखंडी पूल तर ५७८ मीटर लांब आहे.

या गाडीला लोक ‘घान’ म्हणत. रेल्वेच्या आधीपासून इथे सामान वाहायला उंट असत. ते हाकणारे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब अशा प्रांतांतून आले होते. तिकडे सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे, त्यातला ‘घान’ गाडीला चिकटला, असं सांगतात.

आणि सायकल? १८९७ साली जेरोम म्युरिफ नावाचा गडी तारेच्या खांबांच्या वाटेने ॲडलेडहून थेट उत्तरेच्या डार्विनपर्यंत सायकलने गेला. तेही अंगात पायजम्याचा जोड घालून! अख्खा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे सायकलने ओलांडणारा तो पहिलाच. हे सांगितल्यावर आमचा वर्ग पाच मिनिटं नुसता हसत होता. मग आम्ही कामाला लागलो.

पहिला प्रश्न: जायचं कधी? तिकडचे ऋतू आपल्या उलटे. जानेवारीत कडक उन्हाळा. उडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं! जुलैत मात्र थंडी. दुपार आल्हाददायक, रात्री हुडहुडी. तेव्हा भावाने जुलै निवडला ते योग्यच होतं. पण जुलैत दिवस लहान, म्हणजे उजेडाचे तास कमी. आणि पाऊस पडलाच, तर माती चिकट होऊन रस्ता बंद करतात. बंद रस्त्यावर चाक घातलं तर दंड होतो. म्हणून निघण्याआधी आणि वाटेतही रस्त्याची सरकारी खबर रोज पाहायची, असं आम्ही वहीत लिहिलं.

दुसरा प्रश्न: रोज किती जायचं? मुलं म्हणाली, ‘शंभर किलोमीटर!’ डांबरी रस्त्यावर ते जमेलही. पण या रस्त्यावर गाड्यांच्या चाकांनी पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात. त्यावरून सायकल नेली की दात वाजतात, मनगटं दुखतात, कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात. कुठे रेती, त्यात चाक रुततं. समोरून वारा आला तर विचारूच नका. आणि काटे! आपल्याकडे माळावर सराटा असतो ना, तळपायात घुसणारा? तो तिकडच्या माळांवरही उगवतो. म्हणून रुंद टायर, जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान प्रत्येकाजवळ हवं. शेवटी आम्ही ठरवलं, रोज ५० किलोमीटर. शिवाय ठरलं की वेग सगळ्यांत हळू चालवणाऱ्याचा धरायचा. तो पुढे राहील आणि तरबेज माणूस सगळ्यांच्या मागे. आपल्या सहलीत नेमकं उलटं होतं, नाही का? दांडगे पुढे पळतात आणि दमलेला एकटा मागे राहतो.

५० किलोमीटरचा हिशेब धरला आणि ६२० किलोमीटर सुट्टीत बसेनात! मुलं हिरमुसली. मग मार्ला वगळून उडनाडाटाला थांबायचं ठरलं. चारशे किलोमीटर, आठ दिवस, मधे विल्यम क्रीकला एक विसावा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. थंडीत माणशी रोज पिण्याला ६ लिटर आणि स्वयंपाकाला, हात धुवायला २ लिटर, असे ८ लिटर आम्ही धरले. आठ सायकलवाले आणि सोबतच्या दोन गाड्यांचे दोन चालक, म्हणजे दहा माणसं. रोज ८० लिटर. आता मारीपासून १३० किलोमीटरवर काउअर्ड स्प्रिंग्ज नावाचं ठिकाण आहे. नकाशावर निळं टिंब! मुलांनी पटापट गणित केलं, ‘तीन दिवसांत झरा. तीन गुणिले ऐंशी, दोनशे चाळीस लिटर. पुढचं पाणी झऱ्यावर भरायचं!’

मी फळ्याशी गेले आणि त्यांना माझी एक जुनी चूक सांगितली. तुम्हालाही सांगते.

मी नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. सातवीच्या मुलांना घेऊन मार्च महिन्यात अकरा किलोमीटरवरच्या टेकडीवर सायकलने सहल काढली. अंतराचा हिशेब केला, पाण्याचा केला नाही. वाटेत हातपंप आहे, हे मला माहीत होतं. पोहोचलो, दांडा हापसला, नुसता खडखडाट. पंप आटला होता. मी कुणाला विचारलंही नव्हतं. परतताना एक मुलगा सायकलवरून उतरला, लिंबाच्या सावलीत बसला आणि माझ्याकडे बघेना की बोलेना. ओठ पांढरे पडलेले. शेजारच्या शेतातल्या आजींनी डोक्यावरची कळशी उतरवून त्याला थोडं थोडं पाणी पाजलं, ओल्या पदराने तोंड पुसलं, तेव्हा कुठे तो हसला. आजी मला एवढंच म्हणाल्या, ‘बाई, लेकरं आणताना इचारून आणावी.’ ती अर्धी घटका मी अजून विसरलेले नाही.

वर्ग गप्प झाला. मग आम्ही काउअर्ड स्प्रिंग्जची चौकशी केली. तिथे खजुराची झाडं आहेत, तळ ठोकायला जागा आहे, झऱ्याच्या पाण्यात डुंबायला छोटंसं कुंड आहे. पण पाणी क्षारांचं. डुंबायला छान, पण पिण्यासाठी त्यावर विसंबायचं नाही! म्हणजे पाण्याचा हिशेब थेट विल्यम क्रीकपर्यंत धरायला हवा. चार दिवस.

तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी उठली. ‘बाई, एक दिवस शिलकीचा धरू या. आणि तो खर्च झाला, तर पुढे जायचं नाही. परत फिरायचं.’

पाच दिवस गुणिले ऐंशी, चारशे लिटर. २० लिटरचे वीस कॅन. सायकलींवर हे न्यायचं तर माणशी ५० किलो, म्हणजे धान्याचं भरलेलं पोतं! म्हणूनच गाड्या हव्यात. सगळं पाणी एका गाडीत ठेवायचं नाही, दहा-दहा कॅन दोन्हींत. शिवाय प्रत्येकाच्या सायकलवर त्या दिवसापुरतं पाणी. रोज कॅन मोजायला एक पाणक्या नेमायचा. ते काम आम्ही भाचीला दिलं.

काही नियम आम्ही तिकडच्या लोकांकडून घेतले. गाडी बिघडली तर ती सोडून चालत निघायचं नाही, कारण शोधणाऱ्यांना गाडी लवकर दिसते, माणूस दिसत नाही. समोर धुळीचा लोट दिसला की रस्त्याच्या कडेला उतरून थांबायचं. गुरं वाहणाऱ्या लांबच लांब मालगाड्या येतात. वाटेतलं काटी थांडा–लेक आयर हे सरोवर अरबाना लोकांना पवित्र आहे, म्हणून ते काठावरूनच पाहायचं, पात्रात उतरायचं नाही.

या वाटेवर बहुतेक ठिकाणी मोबाईल चालत नाही. म्हणून उपग्रह फोन आणि संकटात खूण पाठवणारं यंत्र बरोबर हवं. पूर्वी हेही नव्हतं. १९२८ साली जॉन फ्लिन यांनी विमानातून येणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू केली, ती आजही चालू आहे. पण ओसाडीतल्या माणसाने डॉक्टरला बोलवायचं कसं? वीज कुठली? आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पॅडल मारून चालणारा बिनतारी संच बनवला. सायकलसारखं पॅडल मारा आणि डॉक्टरशी बोला!

जुलै आला. माझा वर्ग आता पाचवीत गेला होता, पण मधल्या सुट्टीत रोज दारात हजर. ‘बाई, निरोप आला?’ भाऊ संध्याकाळी ठरल्या वेळी घरी दोन ओळी कळवायचा, वहिनी मला. पहिला दिवस ५२ किलोमीटर. दुसरा ३८, समोरून वारा. तिसऱ्या दिवशी सराट्यांनी सहा पंक्चर, आणि एका गाडीचे दोन टायर एकामागून एक फाटले. ४० किलोमीटर. त्या रात्री पाणी मोजलं. पहिल्या गणिताप्रमाणे ते निघाले असते, तर कॅन त्याच रात्री रिकामे झाले असते. जवळ एक धड गाडी, आणि दोन्ही बाजूंना माळ.

पाचव्या दिवशी दुपारी ते विल्यम क्रीकला पोहोचले. शिलकीचा दिवस खर्च झाला होता. भाऊ म्हणाला, ‘आता इथे पाणी भरू, रस्ता पुढे बरा असेल, जाऊ या की!’ भाची म्हणाली, ‘बाबा, वहीत काय लिहिलंय?’ बराच वेळ कुणी बोललं नाही म्हणे. मग त्यांनी सायकली गाड्यांवर चढवल्या.

हे सांगितलं तेव्हा वर्गात नाराजी पसरली. ‘म्हणजे आपली सहल फसली!’ मी काही बोलले नाही. मोबाईलवर आलेला फोटो दाखवला. दहा धुळकट माणसं, आणि भाचीच्या दोन्ही हातांत एकेक कॅन, भरलेला. शिलकीचा नियम सांगणारी ती मुलगी फोटोकडे बघत म्हणाली, ‘दहाच्या दहा आहेत.’

तर मुलांनो, सहल नदीकाठची असो की डोंगरावरची, आधी आई-बाबांबरोबर कागद घेऊन बसा. सगळ्यांत हळू कोण, ते लिहा. किती पाणी, ते लिहा. कुठून परत फिरायचं, तेही निघायच्या आधीच लिहा. आणि नकाशावर निळं टिंब दिसलं, की विचारा: हे पाणी शेवटचं कुणी प्यायलं होतं, आणि कधी?