धन स्वामीचे, गाणे कोणाचे?

मराठी शिकवणाऱ्यांनी एखाद्या संस्थेच्या नियामक मंडळाविषयी लिहावे, हे काहींना अनाठायी वाटेल. पण 'रॉयल्टी'साठी आपण 'स्वामित्वधन' हा शब्द रूढ केला, आणि या शब्दातच आम्हाला साऱ्या प्रकरणाची मेख दिसते. धन स्वामीचे, पण गाण्याचा स्वामी कोण?

हॉटेले, सभागृहे, नभोवाणी यांच्याकडून एकट्यादुकट्या कवीने पैसे वसूल करणे अशक्यच. म्हणून १९६९ साली 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' अर्थात आयपीआरएस स्थापन झाली. मात्र १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या गाण्याचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, निर्माता होय. निर्मात्याकडून हक्क ध्वनिमुद्रिका कंपन्यांकडे जात. पुढे १९९४ च्या कायदादुरुस्तीने अशा सोसायट्यांवर सामूहिक नियंत्रण सोपवले, तेही हक्कांच्या 'स्वामीं'कडे. ज्यांच्यासाठी संस्था, त्यांच्याच हाती कारभार नाही, अशी तक्रार गीतकार-संगीतकार वर्षानुवर्षे करीत राहिले. किती रक्कम जमली, कोणत्या गाण्यापोटी, वाटप कोणत्या सूत्राने? हिशेब मागायचा तो ज्यांच्याशी हितसंबंधांचा झगडा, त्यांच्याकडेच.

२०१२ साली संसदेने कायदा बदलला. 'स्वामी' या शब्दाआधी 'रचनाकार' हा शब्द आला. नियामक मंडळात दोघांची संख्या समान ठरली, वाटपातला भेदभाव निषिद्ध झाला. चित्रपटगीताच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनातला रचनाकाराचा समान वाटा वारस किंवा सोसायटी यांखेरीज कोणाच्याही नावे करता येईनासा झाला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या बदलाचा हिरिरीने पुरस्कार केला होता. सोसायट्यांना नव्याने नोंदणी सक्तीची झाली. आयपीआरएसला ती मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. अख्तर तिचे अध्यक्ष झाले.

कायद्यातल्या एका शब्दाने सत्तेची मांडणी कशी बदलते, याचे याहून चांगले उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच सापडेल. आम्ही वर्गात गदिमा, शांता शेळके, जगदीश खेबुडकर यांची शब्दकळा उलगडतो, लय मोजतो, प्रतिमा सोडवून दाखवतो. ज्या करारनाम्याखाली गीतकार सही करतो, तो मात्र कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. कवीने पैशाची भाषा बोलू नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. त्याची किंमत कवीच मोजत आला.

निम्म्या खुर्च्या मिळाल्या, हे खरेच मोठे. पण खुर्चीवर बसणाऱ्याला ताळेबंद वाचता आला पाहिजे, सभेत उभे राहून प्रश्न विचारता आला पाहिजे. आमच्या वर्गात बसणाऱ्यांपैकी कोणी उद्या गाणी लिहील. त्याला वृत्ते शिकवताना एखादा करारनामाही ओळीओळीने वाचून दाखवावा, असे आता आम्हाला वाटते.