वाऱ्यासाठी रामेश्वर

मराठी माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यापाशी कारण असते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने, आणि बंडाच्या धामधुमीतून जीव वाचवून परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. १९०७ साली छापला गेलेला त्यांचा 'माझा प्रवास' वर्गात शिकवताना आम्ही त्या कावडीपाशी हमखास थांबतो. आमच्या यंदाच्या बेतात मात्र ना दक्षिणा आहे, ना कावड. येत्या मे महिन्यात आम्ही चौघे प्राध्यापक जेऊरहून रामेश्वरच्या बेटावर जाणार आहोत, ते वाऱ्याशी खेळायला, ताजे अन्न खायला आणि उरलेला वेळ काहीही न करता वाळूत पडून राहायला.

काइटबोर्डिंग हा शब्द गावात कुणाला सांगावा, हा पहिला प्रश्न. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वीसबावीस मीटर लांबीच्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला नऊ ते बारा चौरस मीटरचा हवा भरलेला पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो, माणूस पाण्यावरून घसरत जातो. लगेन्यू नावाच्या दोघा फ्रेंच भावांनी १९८४ साली अशा फुगवता येणाऱ्या, पाण्यात पडूनही पुन्हा उठणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला. आमच्या भागात पतंग उडतात ते आषाढापासून नागपंचमीपर्यंत. ढील केव्हा द्यायची आणि खेच केव्हा घ्यायची हे बोटांना तेव्हापासून ठाऊक आहे, अशी आमची समजूत आहे. पतंगाने माणसाला उडवावे, ही कल्पना मात्र नवी.

तेव्हा आम्ही नुसते 'रामेश्वर' म्हणतो आणि पुढचे काम ते नाव करते. शेजारच्या आजींनी विचारले, "रामेसरला चाललाय व्हय सर? मग काशी कवा करायची?" काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू गंगेला, हा हिशोब त्यांच्या मनात पक्का आहे. तहानलेल्या गाढवाला कावडीतले पाणी पाजणाऱ्या एकनाथांची कथाही त्यांनीच ऐकवली. आम्ही पतंगाबद्दल सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खेळा की. येताना वाळू तेवढी आणा." आमची जी पंचाईत होती ती त्यांची नव्हतीच.

रामेश्वरच का, तर तिथे वर्षातून दोनदा वारा नेमाने वाहतो: उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून आणि डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून. बेट चिंचोळे; एका अंगाला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचे आखात. शिवाय आमच्या जेऊरवरून जाणारा लोहमार्ग पुढे चेन्नईलाच पोहोचतो. बहुतेक लांबच्या गाड्या इथे न थांबता धडधडत निघून जातात, म्हणून सोलापूरला जाऊन बसायचे, चेन्नईत गाडी बदलायची आणि एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलावरून बेटावर उतरायचे. लक्षद्वीपचाही विचार झाला होता, पण परवान्याच्या अर्जापाशी आमचा उत्साह संपला. निवांतपणासाठी अर्ज करावा लागणे आम्हांला पटले नाही.

सुट्ट्यांचे गणित मात्र जमता जमेना. दिवाळीची सुट्टी नेमकी तिकडच्या पावसात आणि वादळांच्या दिवसांत येते. उरतो तो मे. वारा असतो, पण १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस त्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, मासळीच्या विणीसाठी. म्हणजे ताज्या मासळीसाठी निघालेल्यांनी बंदीच्या काळात पोहोचायचे! यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असे ठरले की लहान देशी होड्या या दिवसांतही जातात, त्या सकाळी जे आणतील ते खावे. नसेल त्या दिवशी भात आणि रसम. थोडे आणि त्याच दिवशीचे, याला आम्ही ताजे म्हणतो.

इतके सारे ठरल्यावरही आमच्यापैकी एकांनी होकार दिला नव्हता. कारण आम्हां सर्वांना माहीत होते. बोलत कुणी नव्हते. २१ मे २०२४ रोजी आमच्याच करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा माणसे गेली. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याने गावे बुडाली, रस्ते तुटले आणि पलीकडचे घर होडीच्या वाटेवर गेले. त्या पाण्यावर आमचा ऊस उभा आहे, केळी उभ्या आहेत. त्याच पाण्यावर, त्याच मे महिन्यात, वारा म्हणजे काय हे आम्ही पाहिले. आणि आता पैसे मोजून वारा आणि पाणी एकत्र शोधत जायचे?

भूगोल शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी यावर जे सांगितले ते सांत्वन नव्हते, माहिती होती. तापलेल्या पठारावर दुपारी ढग चढतात आणि त्यांतून थंड हवा एकदम खाली कोसळते. पावसाच्या आधी धूळ उडवत येणारा तो वळिवाचा वारा काही मिनिटांत दिशा बदलतो. समुद्रावर ऋतूचा वारा एका दिशेने तासन्‌तास वाहतो, आणि काइटबोर्डिंगला तोच लागतो. वळिवाची चाहूल लागली की तिथेही पतंग उतरवून ठेवतात. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा वारा असला तर शिकाऊ माणसाला पाण्यात सोडत नाहीत. शाळेच्या पुस्तकातले 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' हे शब्द आम्ही घोकले होते ते परीक्षेपुरते. ज्या गावात समुद्र नाही त्या गावात मतलई वाऱ्याचे काय काम! आता त्या शब्दावर जीव अवलंबून असणार आहे.

अर्थात बेटही निर्धोक नाही. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले आणि पांबनहून आलेली रेल्वेगाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह समुद्राने नेली. आजींची वाळू आम्ही त्याच किनाऱ्यावरून आणणार आहोत.

होकार अखेर आला, पण अटीसह. पहिले तीन दिवस जमिनीवर, लहान पतंगावर सराव. नंतर कमरेइतक्या पाण्यात. अंगावर तरंगजाकीट नाही तर पाण्यात पाऊल नाही. आणि कुणी कुणाला भित्रा म्हणायचे नाही. शिकायला आठदहा तास तरी लागतात म्हणे. आमच्या वयाला दुप्पट धरावेत.

खाण्याचा बेत इतका ताजा असूनही घरोघरी कडक भाकरीचे डबे भरायला घेतले आहेत, शेंगाचटणी कुटून झाली आहे. आमच्यातले एक माळकरी; त्यांना होड्यांशी कर्तव्य नाही. चटणी मुख्यत्वे त्यांच्यासाठी, असे आम्ही म्हणतो खरे. पण डबे चार आहेत.