लाल बोटांचा वीकएण्ड

सोलकढी तुम्ही कुठे पिता? मालवणी हॉटेलात, सुरमई थाळी संपल्यावर, वाटीतला शेवटचा गुलाबी घोट... मीही तसाच. ती वाटी ज्या झाडावरून येते, ते मात्र यंदा मी तोडायलाच निघालो होतो!

झालं असं, की कुडाळजवळच्या आमच्या घरामागे परड्यात होमस्टेच्या दोन खोल्या बांधायच्या, असं मुंबईत माझं आणि दादाचं ठरलं. आड येत होती रातांब्याची तीन झाडं. त्यातल्या एकाला तर फळच धरत नाही, म्हणजे ते सगळ्यात आधी. आत्याला पटवायची जबाबदारी माझी. मे महिना, कोकणकन्याचं तिकीट, बॅगेत प्लॅनचा कागद.

पोचलो तर आत्या खळ्यात, समोर रातांब्यांचा ढीग. “पाऊस इलो तर सगळा कुसान जातला. हयसर बस!” चहासुद्धा नंतर.

रातांबा म्हणजे कोकम, गोव्यात भिरंड. फळ फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा. गराच्या रसात मीठ घालून सालं बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची. असं काही दिवस केलं की साल काळपट होते. तेच आपलं आमसूल. ताज्या सालींना मीठ लावलं की आगळ सुटतं. त्यात नारळाचं दूध, की झाली सोलकढी. सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम. आणि बिया? फेकायच्या नाहीत हं! वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या. वर तरंगणारं तेल गार झालं की घट्ट होतं, त्याचे मुठीत दाबून गोळे करतात. हे मुठेल. आत्या ते भेगाळलेल्या टाचांना चोळते; आपण ‘कोकम बटर’ म्हणून डबीतून विकत घेतो. अंगावर पित्त उठलं की घरोघरी आमसुलाचं पाणी लावतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते काही उगाच नाही.

संध्याकाळी, लालभडक हातांनीच मी कागद काढला. आत्यानं पाहिला आणि एकच विचारलं, “ह्यातलो नर खंयचो, म्हायत आसा तुका?”

रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी रुजवून वाढवलेलं झाड कुठलं, ते फुलेपर्यंत कळत नाही, आणि त्यात सात-आठ वर्षं जातात. हा जुगार टाळायला आता कलमं मिळतात; दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ ही जातही दिली आहे. पण आजोबांनी बियाच रुजवल्या होत्या. तीनातलं एक नर निघालं, तरी त्यांनी तोडलं नाही. ते आहे म्हणून बाकीची दोन लगडतात, असं आत्याचं म्हणणं. नेमकं तेच आम्ही आधी तोडणार होतो!

रात्री दादाला फोन केला. खोल्या विहिरीकडच्या मोकळ्या जागेत बांधू म्हटलं. रस्त्यापासून लांब पडतील, खर्चही वाढेल. दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “येताना आगळाच्या दोन बाटल्या आण.”

सोमवारी ऑफिसात की-बोर्डवर माझी लाल बोटं बघून सगळ्यांनी विचारलं. तुम्हालाही हवी असतील तर मे महिन्यात जा. फक्त, पावसाच्या आधी पोचा!