पिवळ्या गोळ्या

वर्गीकरण हा आम्हां मराठीच्या मास्तरांचा जुना छंद. शब्दांच्या आठ जाती शिकवण्यात उभी हयात गेल्यावर घरातल्या वस्तूही जातवार मांडाव्याशा वाटतात. आमच्या सौभाग्यवतींना आमवात जडला, डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, तेव्हा त्यांच्या गोळ्यांची व्यवस्था आम्ही मोठ्या दिमाखात अंगावर घेतली. रंग पाहून तीन डब्या केल्या : पांढरी, गुलाबी, पिवळी.

आठवड्याच्या आत सौभाग्यवतींचे तोंड आले. ताकभातही गिळवेना. निपाणीहून बेळगाव गाठले. डॉक्टरांनी पिवळी डबी तळहातावर उलटी केली आणि आमच्याकडे पाहिले. तीत दोन औषधे होती. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचे. दुसरे फॉलिक अ‍ॅसिड, पहिल्याची बाधा सौम्य करणारे. दोन्ही बारीक, दोन्ही पिवळ्या. पहिले रोज पोटात गेले तर रक्तातल्या पेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो. रक्ततपासणीचा कागद हाती येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. त्या बसण्याविषयी अधिक लिहवत नाही.

"अहो, रंगावरून कुणाची जात ठरते का?" खाटेवरून सौभाग्यवती एवढेच बोलल्या.

पुढे डॉक्टरांनी खरी वर्गवारी समजावली. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामके. दुखणे आणि सूज उतरवतात, रोगाच्या मुळाला हात लावीत नाहीत. दुसरी स्टेरॉइडे. अमेरिकेत 1948 साली फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन टोचले आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले; 1950 साली त्यांना नोबेल मिळाले. ठिसूळ हाडे, वाढलेली साखर हे मोल मागाहून उमगले. आमच्या निपाणीत हजार विड्यांवर मजुरी मिळते. बोटे आखडलेल्या बाईला दोन दिवसांत गुण देणारी बिननावाची पुडी देवासारखी वाटते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत. पण त्या बाईला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

तिसरा वर्ग रोगाचा ओघच वळवणाऱ्या औषधांचा : मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड. यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून माणसे ती मध्येच सोडतात. हिवतापावरचे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही याच पंगतीला बसते. त्यापुढे जिवंत पेशींपासून बनवलेली अ‍ॅडालिमुमॅबसारखी जैविक इंजेक्शने. ती दाह पेटवणाऱ्या एखाद्याच निरोप्याला अडवतात. टोफॅसिटिनिब तर गोळी असूनही नेमक्या लक्ष्यावर जाते. म्हणजे जात ठरते कार्यावरून. 'तो वर गेला' यात 'वर' क्रियाविशेषण, 'झाडावर' यात शब्दयोगी, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारे आम्हीच!

सौभाग्यवती बऱ्या होऊन घरी आल्या. मेथोट्रेक्सेटची डबी आता निराळ्या फडताळात असते. तिच्यावर त्यांनी आखडल्या बोटांनी स्वतः 'रविवार' लिहिले आहे. खाली धाकटीने कानडीत 'भानुवार' लिहिले. आम्हांस त्या डबीला हात लावण्याची परवानगी अद्याप मिळालेली नाही.