बशी सरकल्याचा आवाज

सुंठी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मुलानं जेवताना विचारलं, "आई, तिचे सगळे दात काढायचं कुणी ठरवलं होतं गं?" तेव्हा तो पहिलीत होता, त्याला आठवत नाही.

"नानांनी," मी म्हणाले. तो पुन्हा वरणभात कालवू लागला. उत्तर खोटं नव्हतं, तरी मला घास गिळवेना.

सुंठीच्या दातांची गोष्ट नानांच्या दातांपासून सुरू होते. २००९ साल. मधुमेहानं त्यांच्या हिरड्या पार खिळखिळ्या झाल्या होत्या. १९ दात उरले होते, आणि तेही काढून टाकलेले बरे असं डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. मी बाहेर आले. बाकावर रुमाल गालाशी धरून नाना बसले होते. "मंगळवारची वेळ घेतलीय," मी म्हटलं. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरातला प्रत्येक निर्णय माझ्यावर येऊन पडत होता आणि मी एकेक उरकत सुटले होते. नाना "बरं" म्हणाले आणि चपला घालून उठले.

कवळी आली. वरची बसली, खालची कधीच नीट बसली नाही. भाकरी गेली, चकली गेली, भाजलेलं कणीस गेलं. हसताना त्यांचा हात तोंडापुढे यायला लागला. तक्रार मात्र एकदाही नाही. त्या न केलेल्या तक्रारीचा मला राग यायचा, हे आज लिहून टाकते.

सुंठी आली ती २०११च्या पावसाळ्यात, आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या मीटरच्या खोलीतून. रंग सुंठीसारखा, म्हणून नानांनी नाव ठेवलं सुंठी. रात्री नाना कवळी स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवत आणि वर बशी झाकत. पहाटे पाचच्या सुमाराला सुंठी त्या टेबलावर चढे, पंजानं बशी हळूहळू सरकवी आणि कवळीच्या शेजारचं पाणी लपलप पिई. स्वयंपाकघरात तिचं स्वतःचं स्वच्छ पाणी भरलेलं असे, त्याच्याकडे ती बघत नसे. बशी टेबलावर घासल्याचा तो आवाज म्हणजे नानांचा गजर. ते उठत, तिचं पिऊन होईतो कॉटवर बसून राहत, मग वाटी विसळून कवळी धुऊन तोंडात घालत. मी एकदा घट्ट झाकणाची डबी आणून दिली. ती त्यांनी कपाटात ठेवून दिली. "तिला उघडायची नाही ती," एवढंच म्हणाले.

२०१७च्या अखेरीस तिच्या तोंडाला वास यायला लागला. मग लाळ. स्वतःला तासन्‌तास चाटणारं मांजर ते, पण तिनं अंग चाटणंच सोडलं. पुढच्या पायांवरचे केस लाळेनं चिकटून ताठ झाले. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून दाखवलं तेव्हा गळ्याजवळ, जबड्याच्या सांध्याशी, नुसतं लालभडक मांस दिसत होतं. पहिल्या इंजेक्शनानं दीड महिना आराम पडला, दुसऱ्यानं तीन आठवडे, तिसऱ्यानं आठ दिवस. मग ते म्हणाले, सगळे दात काढावे लागतील.

घरी येऊन सांगितलं. नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"नाही. मी आहे तोवर नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी मी पुढे बोलले नाही, कारण बोलणं कुठे जाईल ते मला दिसत होतं. तिला उचलून नेणं माझ्या हातात होतं. पाच महिने मी नेलं नाही. नानांपुढे तो विषय काढायचं टाळलं मी, आणि भोगलं सुंठीनं.

२०१८ सालची ती रात्र. गणपती उठले होते, घरात कितीतरी दिवसांनी मांदेली आली होती. वासासरशी सुंठी आली, पायांत घुटमळली. दोन दिवसांत पहिल्यांदा काही मागत होती, म्हणून मी काटा काढून तुकडा तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उचलला आणि किंचाळली. मांजराचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तुकडा फेकून, तोंडावर पंजा मारत ती उलटी मागे धावली, भिंतीवर आपटली आणि धुण्याच्या मशीनमागे शिरली. थोड्या वेळानं पुन्हा आली. भूक होतीच. ताटलीपाशी येऊन तिनं वास घेतला आणि त्या मांदेलीवरच फिस्कारली, जणू मांदेलीच तिला चावली होती. पुन्हा आत. असं चार वेळा झालं. मुलगा रडायला लागला, त्याला घेऊन हे आतल्या खोलीत गेले.

नाना फरशीवर बसले. शहात्तर वर्षांचे गुडघे, पण बसले. मशीनच्या फटीशी हात उताणा ठेवून. मी भांडी घासली, ओटा पुसला, दिवा मालवला आणि मग मलाही जाववेना. मी त्यांच्याशेजारी टेकले. तीनच्या सुमाराला फटीतून घरघर ऐकू आली. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. नाना म्हणाले, "दुखतं तेव्हाही करतात ती असं."

बऱ्याच वेळानं मी विचारलं. विचारायला नऊ वर्षं लागली. "नाना, तुमचे काढले तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज गेला. कुरकुरीत काही चावलं की डोक्यात आवाज होतो ना, तो. जेवताना एकदम शांत झालं सगळं. तुझी आई गेल्यावर घरात झालं होतं तसं."

मला काही बोलता येईना.

"पण ठणका गेला," ते म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात गेला. दोन वर्षं रात्री झोप नव्हती, ती लागायला लागली. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. तू मला विचारलं नव्हतंस, म्हणून सांगितलं नाही."

फटीतून सुंठीचा पंजा बाहेर आला आणि त्यांच्या तळव्यावर टेकला. लाळेनं ओला.

"उद्या ने तिला," नाना म्हणाले. "मी पण येतो."

ठाण्याला नेलं, रिक्षानं, टोपली नानांच्या मांडीवर. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, मला नाही. ते मी मुद्दाम मागे राहून घडू दिलं. मांजराला ३० दात. त्याचा जबडा नुसता वरखाली होतो, बाजूला फिरत नाही, म्हणून ते आपल्यासारखं चर्वण करतच नाही, तुकडे पाडतं आणि गिळतं. दातांवर जो थर साचतो त्याच्यावरच तिचं शरीर चवताळून उठतंय. दात गेले की थराला धरायला जागा नाही. सगळ्यांना पूर्ण गुण येतोच असं नाही, काहींना पुढेही औषध लागतं. मूळ आत राहता कामा नये, म्हणून शेवटी एक्स-रे काढायचा. नानांनी एकच विचारलं, "नंतर ठणका राहील?" डॉक्टर म्हणाले, जखमा भरेपर्यंत औषध देऊ. नानांनी सही केली.

सुंठीला गुण आला. महिन्याभरात ती अख्खी मांदेली गिळायला लागली. नाना तिच्यासाठी मासा बोटांनी कुस्करायचे, तिला गरज उरली नव्हती तरीही. आणि त्या वर्षापासून घरात जेवताना ते कवळी काढून ठेवायला लागले, आमच्यादेखत. हसतानाही हात वर जाईना.

नाना २०२१मध्ये गेले. मी वाटीत पाणी भरून त्याच टेबलावर ठेवत राहिले. उघडी ठेवली तर सुंठी तोंड लावत नसे, बशी झाकावी लागे. तीन वर्षं पहाटे तो आवाज येत राहिला.

शेवटच्या आठवड्यात तिला टेबलावर चढवेना. मी वाटी खाली, तिच्या गोधडीपाशी ठेवली. ती पंजा बशीवर टेकवून तशीच बसून राहिली, सरकवण्याचं बळ नव्हतं. मी बशी उचलली तर तिनं तोंड फिरवलं. म्हणून मी ती पुन्हा झाकली, अर्धी सरकवली आणि उरलेली तिच्यासाठी तशीच सोडून बाजूला बसले.