उघड्या गाडीतला ढोल

“गाडीला धड छप्पर नाही, मागे बसायला जागा नाही, आणि तुम्हा दोघांना तिच्यात ढोल बसवायचाय?”

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी, कल्याणच्या दूधनाक्यावरच्या आमच्या जुन्या घरात, शीरखुर्म्याच्या वाट्या गोळा करता करता अम्मीने हा सवाल केला. आम्हा दोघा भावांकडे तेव्हा उत्तर तयार होते. पुढच्या चार महिन्यांत ते उत्तर पार बदलले. ते कसे, हे सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आधी गाडीविषयी. आमचे मरहूम मामू नोकरीनिमित्त मडगावला स्थायिक झाले होते. १९९८ साली गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची एक छोटी गाडी काढली. दोनच माणसांची, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉच्या ११४९ सीसी पेट्रोल इंजिनाची, आणि वरचे कापडी छप्पर उघडता येणारी. पुढे काही वर्षांनी मामूंनी त्यातली एक जुन्या बाजारातून घेतली. मूलबाळ नव्हते, त्यामुळे लाड सगळे गाडीचे आणि आमचे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की ते आम्हाला आळीपाळीने शेजारी बसवून झुआरी पुलापर्यंत नेत. टेपवर अझीझ नाझाँ यांच्या कव्वालीची कॅसेट असे. गाडीने वेग घेतला की वाऱ्यात ढोलकी बुडून जायची. कानावर यायच्या त्या फक्त टाळ्या. मामू हसून म्हणायचे, “ढोलकी घरी गेल्यावर ऐका.”

गाण्याबजावण्याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत आणि ती दोन्ही अजून शाबूत आहेत. तो वाद इथे काढत नाही. मामूंचा इंतकाल झाला, गाडी तीन वर्षे आच्छादनाखाली उभी राहिली, आणि शेवटी मामी म्हणाल्या, “सडण्यापेक्षा भाच्यांनी चालवावी.” गोव्याचा ना-हरकत दाखला, फिटनेस, कर, असे सगळे सोपस्कार होऊन गाडी एमएच ०५ झाली. आमच्यातला थोरला डोंबिवलीत राहतो, धाकटा ठाण्यात राबोडीला. एक आठवडा गाडी इकडे, एक आठवडा तिकडे. दोघांच्याही मनात एकच हौस होती: मामूंची ती बुडालेली ढोलकी वर काढायची. त्यासाठी सबवूफर हवा.

सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर. साधारण २० ते १०० हर्ट्झ, म्हणजे डग्ग्याची घुमक, ढोलाचा ठोका, एवढाच त्याचा प्रांत. ठाण्यातल्या एका ऑडिओवाल्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. “बंद गाडीत बेस फुकट मिळतो,” तो म्हणाला, “हिच्यात विकत घ्यावा लागेल.” त्याने समजावले ते असे: सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले तर दट्ट्या ढकलताना जोर लागतो, कारण हवेला जायला वाट नसते. काचा लावलेल्या गाडीत स्पीकरचा पडदा हवा ढकलतो तेव्हा तेच होते, दाब वाढतो आणि खर्ज भरून येतो. छप्पर उघडले की बोट काढल्यासारखे. हवा निघून जाते, तिच्याबरोबर बेसही. वर वाऱ्याचा आणि टायरचा आवाजही बहुतांशी खालच्याच सुरातला; तो उरलासुरला खर्ज झाकून टाकतो. मामूंच्या गाडीत टाळ्या उरायच्या आणि ढोलकी जायची, त्याचे कारण आम्हाला इतक्या वर्षांनी कळले.

तरी आम्ही ऐकले नाही. १० इंची सबवूफर, बंद पेटी आणि ३०० वॅटचा अँप्लिफायर घेतला. पेटीने डिकी जवळजवळ भरून टाकली. अम्मीने विचारले, “आता सामान कुठे ठेवणार?” आम्ही म्हणालो, “मांडीवर.”

वायरिंगला मात्र हौस पुरत नाही, तिथे हिशोब लागतो. ३०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात चालला तर बॅटरीकडून साधारण २७ अँपिअर ओढतो. दोन्ही हेडलाइट मिळून ८ च्या आसपास. म्हणून बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर टाकावी लागते आणि तिच्यावर बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आतच फ्यूज बसवावा लागतो. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आधी फ्यूज उडावा, गाडी पेटू नये. आमची खरी अडचण पुढेच होती. सगळ्या गाड्यांत अर्थिंगची वायर जवळच्या पत्र्याला आवळतात. ऑडिओवाल्याने सवयीने डिकीतला रंग खरवडला, तर खाली पत्रा कुठला? फायबर! त्यातून वीज जात नाही. त्याने एका लोखंडी पट्टीला वायर जोडून पाहिली, तर इंजिनाबरोबर स्पीकरमधून डासासारखी बारीक शिट्टी वाजू लागली. शेवटी अर्थिंगची वायरही थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेली तेव्हा शिट्टी थांबली. यात एक रविवार गेला.

पहिली चाचणी कल्याण-शीळ रस्त्यावर. छप्पर उघडे, शेजारून ट्रक, मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे. गाडी ६० वर गेली आणि ढोलकी पुन्हा बुडाली. आम्ही बटण फिरवले. आणखी फिरवले. शेवटी पाठीत ठोका जाणवू लागला, आणि आम्ही मामूंची आठवण काढून हसलो. डोंबिवलीला पोहोचलो तेव्हा बटण तिथेच होते. पंधरा दिवस ते तिथेच राहिले.

थोरल्याच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. त्यांचे यजमान एमआयडीसीत रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. एके दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा काकू म्हणाल्या, “तुमची गाडी वळणावर आली की आमच्या मांडणीवरची ताटंच आधी सांगतात.” स्वर तक्रारीचा नव्हता, म्हणून तर आम्हाला घरी येईपर्यंत बोलवेना. खरे म्हणजे वेगात असताना आम्हाला जेमतेम ऐकू येणारा तो आवाज, गल्लीत गाडी हळू झाली की भिंतीतून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात जात होता. उंच सुराला पडदा, दार, भिंत अडवते. खर्जाला भिंत फारशी अडवत नाही. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. आमची अख्खी गाडी ४ मीटरच्या आत. म्हणजे ढोल गाडीत आमच्यासाठी वाजत होता आणि पोहोचत होता तो ज्यांनी मागितला नाही त्यांच्याकडे.

आम्ही आमच्या मनाची समजूत काढायला कायदा पाहिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण तो मीटर माणसाच्या कानाप्रमाणे आवाज तोलतो आणि ५० हर्ट्झच्या खर्जातून सुमारे ३० डेसिबल वजा धरतो. आकडा कमी दिसतो, ताटे मात्र वाजतात. मीटर दाखवून काकूंपुढे आम्ही सुटलो नसतो.

त्याच आठवड्यात गाडी दूधनाक्याला आणली. आमचे अब्बा भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, एकतीस वर्षे. धोट्याची खटखट इतकी की तिथले लोक ओठ वाचून बोलत. आता अब्बांना ऐकू कमी येते. टीव्ही मोठा, आमचे बोलणे मोठे, आणि नातीचे बोलणे तर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या मनात आले, अब्बांना तरी हा आवाज ऐकू येईल! त्यांना गाडीत बसवले, छप्पर लावले, बटण फिरवले.

अब्बा दचकले. त्यांनी सीटच्या पाठीला तळहात लावला आणि आमच्याकडे पाहिले. “साचा चालू आहे?”

आम्ही बंद केले. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “आमच्या शेडच्या भिंतीला लागून एक घर होतं. तिथे एक बाळंतीण होती. तिची सासू येऊन सांगायची, रात्रीचे दोन तास तरी बंद ठेवा. मी म्हणायचो, माझ्या हातात बटण नाही, शेठच्या हातात आहे. खरंच नव्हतं.” त्यांनी डॅशबोर्डखालच्या त्या गोल बटणाकडे पाहिले. “हे कोणाच्या हातात आहे?”

शेजाऱ्याच्या हक्काविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाटीभर सालन पाठवणे म्हणजे तो हक्क, अशी आमची समजूत होती. आपल्याकडून त्याच्या घरात काय जाते, यात नको ते न जाणेही येते, हे आम्ही त्या दिवशी गाडीत बसून शिकलो.

दुसरी गोष्टही त्या दिवसानंतरच झाली. अब्बांना ठाण्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेले. वर्षानुवर्षे ‘वयामुळे’ म्हणून आम्ही ते टाळत होतो. बंद खोलीत तपासणी झाली आणि हातात आलेख आला: खालच्या सुरांना रेघ ठीक, पुढे ४००० हर्ट्झपाशी खोल दरी. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांचा आलेख बहुधा असाच दिसतो, असे कळले. ८५ डेसिबलमध्ये रोज ८ तास ही काळजीची हद्द समजतात, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. आमच्या बेसप्रेमालाही तेच गणित लागू होते, हे वेगळे सांगायला नको. बोलण्यातले स्वर खालच्या सुरात असतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे वरच्या. म्हणून अब्बांना कोणीतरी बोलते आहे हे कळायचे, काय बोलते हे कळायचे नाही. आम्ही ओरडायचो आणि ते चिडायचे. ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट विस्कटतात. समोर बसा, चेहरा उजेडात ठेवा, सावकाश बोला, एवढे डॉक्टरांनी सांगितले. एकतीस वर्षे ओठ वाचून बोललेला माणूस आमच्या घरात होता, आणि आम्ही दुसऱ्या खोलीतून हाका मारत होतो!

मोठी पेटी आणि अँप्लिफायर विकले. आलेले पैसे अब्बांच्या कानाच्या मशीनला लावले. पुरले नाहीत, पण सुरुवात झाली. अब्बा मशीन दिवसातून दोन-तीन तास लावतात. वर्तमानपत्राचे पान फार वाजते, अशी त्यांची तक्रार आहे. नातीने वाचून दाखवलेला धडा मात्र ते पूर्ण ऐकतात आणि मध्येच चूकही काढतात.

गाडीत आता शेजारच्या सीटखाली बसणारा ८ इंची छोटा सबवूफर आहे. त्याचा अँप्लिफायर आतच असतो. तो अंगाला इतका जवळ आहे की थोड्या आवाजात ढोलकीचा ठोका सीटमधून कळतो, आणि रस्त्यावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. ज्यांच्या घरात तरुण मुले अशी हौस करत असतील त्यांना आमचे एवढेच सांगणे. आवाज मोठा करण्याआधी तो जवळ आणता येतो का पाहा. वायर खऱ्या तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण खरवडली की आत पांढरी निघते आणि तेवढ्याच जाडीत कमी वीज वाहते. फ्यूज कधी टाळू नका. बेसचे बटण हाताशी ठेवा. आणि गाडी घेऊन एकदा स्वतःच्याच इमारतीखाली या, एका भावाला वर घरात उभे करा आणि विचारा, काय ऐकू येते?

मागच्या महिन्यात अब्बांना भिवंडीला जुन्या सोबत्यांकडे न्यायचे होते. त्यांनी या गाडीतूनच येतो म्हटले. दोघांचीच गाडी, म्हणून धाकटा मागून मोटारसायकलवर. छप्पर उघडे होते. वाऱ्यात मशीन घोंघावते म्हणून अब्बांनी ते काढून खिशात ठेवले. दुर्गाडीचा पूल ओलांडताना थोरल्याने मामूंची कव्वाली लावली. अब्बांना त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी सीटवर बोटांनी ठेका धरला, बरोबर समेवर.

परतताना संध्याकाळ झाली. दूधनाक्याच्या गल्लीत वळण्याआधी गाडी हळू झाली. अब्बांनी वाकून डॅशबोर्डखाली हात घातला आणि बटण शून्यावर आणले.