काळी चार

चतुर्थीचं भजन मी लहानपणी कधी समोर बसून ऐकलं नाही. पुरुषमंडळी खळ्यात, मधे माजघर आणि मागे चुलीपाशी आम्ही बायका-मुली. काळ्या वाटाण्याचं सांबारं ढवळताना पखवाजाची थाप जमिनीतून पावलांपर्यंत यायची. शब्द नीट कळत नसत. भिंतीतून गाळून यावा तसा एक सूर मात्र अखंड येत राहायचा, तो बाबांच्या पेटीचा. बुवांनी श्वास घेतला, झांजा थांबल्या, तरी तो सूर थांबत नसे. त्याला काळी एक म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

पेटी मुंबईहून आली होती. बाबा गिरणीत होते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट विजयदुर्गाच्या बंदरात लागायची. एका मे महिन्यात ट्रंकेऐवजी गोधडीत गुंडाळलेली पेटी खांद्यावर घेऊन ते उतरले. गिरणी सुटल्यावर ते गावातच राहिले आणि भजनात वाजवू लागले. पावसाळ्यात खाऱ्या हवेनं पितळी सुरांवर हिरवट कळंक चढायचा. श्रावणात ते पेटी उघडून एकेक सूर मऊ कापडानं पुसत. त्या वेळी जवळ बसायला मला मुभा होती. पुसून झालं की भाता मारून ते आधी काळी एकच दाबायचे. ती पट्टी बोटानं झिजून मधे किंचित खोलगट झाली होती.

मी त्या सुरात गायला लागले, कारण घरात तोच सूर होता. खाली जावं तर आवाजच लागेना. मग एक सप्तक वर धरून, मानेच्या शिरा ताणून गायचे. जोर लागतोय म्हणजे गाणं होतंय, असा माझा समज होता. बाबांनी एकदा ऐकलं आणि भाता बंद केला. “गळो ताणू नको गो. ही माझी पट्टी. तुझी तू सोद.” मला त्याचा राग आला होता. सोद म्हणजे कुठे? दाखवा की! त्यांनी दाखवली नाही. आज वाटतं, ते दाखवू शकत नव्हते. त्यांनी आयुष्यभर पुरुषांच्याच गळ्यांना साथ केली होती.

डी.एड.ला असताना एका शहरात सुट्टीतल्या गायनवर्गाला गेले. तिथेही वीस जणांना एकच पट्टी. महिन्याभरात घसा बसला आणि मी वर्ग सोडला. १९८४ साली प्राथमिक शिक्षिका झाले, लग्न होऊन शेजारच्या गिर्ये गावात आले, आणि गाणं कविता शिकवण्यापुरतं उरलं. १९९४ साली बाबा गेले. पेटी माझ्याकडे आली. ती मी कपाटावर ठेवली.

खरी सुरुवात आवाज गेल्यावर झाली. १९९९ सालच्या जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना चाळीस मुलांना ऐकू जाईल असं बोलता बोलता एक दिवस घशातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी स्वरतंतूंवर सूज असल्याचं सांगितलं. गाठी धरायला लागल्या होत्या, म्हणून तीन आठवडे कुजबुजणंही बंद. मी शाळेत गेले आणि फळ्यावर लिहिलं, ‘आज बाई बोलणार नाहीत.’ पहिला दिवस दंग्यात गेला. तिसऱ्या दिवशी नवल घडलं. मी बोलत नाही म्हणून मुलंही हळू बोलू लागली. वर्गात पावसाचा आवाज वेगवेगळा ऐकू येऊ लागला: पत्र्यावरचा, माडाच्या झावळ्यांवरचा, पागोळीखाली ठेवलेल्या बादलीतला. बादली भरत आली की तिचा सूर चढतो, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं.

त्या मौनात मी संगीतावरचं मिळेल ते वाचलं. बी. आर. देवधरांच्या ‘थोर संगीतकार’ या पुस्तकातून मोठी माणसं भेटली. त्यांतले रामकृष्णबुवा वझे आपल्याच जिल्ह्यातले, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातल्या वझरे गावचे, विद्येसाठी वणवण करत ग्वाल्हेर गाठलेले. अल्लादियाखाँसाहेबांचा ऐन उमेदीत आवाज गेला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजासाठी त्यांनी गायकीच नवी घडवली. मला सगळ्यांत जवळची वाटली ती मोगूबाई कुर्डीकरांची हकिगत. गोव्यातल्या कुर्डी गावची ही मुलगी सांगलीत असताना, गुरू नाही म्हणून आधी शिकलेलं तेवढंच एकटी घोटत बसायची. उपचारासाठी सांगलीत आलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी जाता-येता ते सूर ऐकले आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. माझ्या दारावरून कुणी खाँसाहेब जाणार नव्हते. पण एकटीनं घोटण्याचा तो काळ त्यांच्याही वाट्याला आला होता, एवढं मला पुरेसं होतं.

आवाज परतल्यावर पेटी कपाटावरून काढली. या खेपेला गायचं काहीच नाही, असं ठरवलं. पहाटे पाचला उठून पडवीत बसायचं, बोलताना आवाज जिथे सहज टेकतो तिथे नुसतं ‘हं’ म्हणायचं आणि ते पेटीवर शोधायचं. आठ दिवस ‘हं’ हिंडत राहिला. कधी पांढरी पाच, कधी काळी पाच. नवव्या दिवशी काळी चारवर आला आणि तिथेच राहिला. तिथून वरचा षड्ज गळा न ताणता लागत होता आणि खालीही थोडी जागा होती. काळी चारची पट्टी काळी एकइतकी झिजलेली नव्हती, बाबांचं बोट तिच्यावर पंचमापुरतंच टेकायचं.

मग खर्ज. षड्जाखाली उतरायचं, आवाज हवेत विरतो तिथे थांबायचं, श्वास संपायच्या आत सोडायचं. पहिले तीन महिने निषाद आणि धैवत. मंद्र पंचम पावसाळ्यानंतर आला. दिवसाला वीस मिनिटं, कारण सातला शाळेची तयारी. आंब्याच्या दिवसांत पहाटेच बागेत माणसं यायची, तेव्हा तेही नाही. दीड वर्षानी एका थंड सकाळी पंचमाखाली एक पायरी आवाज टेकला. पेटीवर पाहिलं तर बोट खोलगट पट्टीवर. काळी चारचा मंद्र मध्यम म्हणजे काळी एक, बाबांचा षड्ज. त्यांचे स्वरतंतू त्या सुरावर सेकंदाला १३९ वेळा कापायचे, माझे काळी चारवर २०८ वेळा कापतात, हा हिशेब मी नंतर मांडला. त्या सकाळी मी भाता मारत बसून राहिले, चहा उतू गेला.

पुस्तकातून गाणं येत नाही, असं अनेकांनी सांगितलं आणि ते बरंचसं खरं आहे. पण भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांनी मला पायवाट दिली. खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. एवढ्या खुणांवर त्यांनी शेकडो चिजा कागदावर उतरवल्या. कागद काय सांगत नाही तेही मला शिकायचं होतं. ते टेपरेकॉर्डरनं सांगितलं. स्वतःचा आवाज आपल्याला कानाइतकाच कवटीच्या हाडांतून ऐकू येतो, म्हणून आतून तो भरदार वाटतो. फितीवर तो पातळ निघाला, आणि गंधार चढा.

त्या गंधारानं माझी चार वर्षं घेतली. पेटीवर मिळवून पाहावं तर बरोबर. आकाशवाणीवर तानपुऱ्यासह कुणी भूप गाताना ऐकावं, तर त्यांचा गंधार वेगळा आणि शांत. पुढे मिरजेचा लहान तानपुरा घेतला तेव्हा उलगडा झाला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार निसर्गाच्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शानं चढा असतो. १९४० ते १९७१ आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती, त्यामागे हाही एक आक्षेप होता. बंदी मला पटत नाही, पेटी नसती तर मी सुरुवातच केली नसती. पण कान तानपुऱ्यानंच उघडला. जवारीवर सुताचा दोरा थोडा थोडा सरकवत जावं, तशी खर्जाची तार बोलू लागते आणि न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप वर येतो. त्याच्याशी आवाज जुळत नसेल तर दोघांत हेलकावे येतात, बंदराच्या भिंतीवर लाट आपटावी तसे. आवाज केसभर खाली आणला की हेलकावे लांबतात. आणखी किंचित उतरलं की थांबतात. पाणी सपाट होतं. त्या क्षणी आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तो तानपुऱ्यात गेलेला असतो.

आमच्या विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात ते चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी तिथे दुर्बिणी लावल्या होत्या, असं गावात सांगतात. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशातली एक अनोळखी पिवळी रेघ नोंदली गेली आणि पुढे तिच्यातूनच हेलियमचा शोध लागला. मुलांना सहलीला नेलं की मी हे सांगायचे. पण प्रकाश उलगडला की आत लपलेली रेघ दिसते म्हणजे काय, हे मला स्वतःला खर्जातून गंधार निघताना समजलं. हेलियमचं आणि आवाजाचंही नातं आहे. त्या वायूत ध्वनी हवेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगानं जातो, म्हणून तो घशात असताना माणूस बोलला तर आवाज चिरका होतो. स्वरतंतू मात्र जवळपास तेवढ्याच गतीनं कापत असतात. पट्टी तीच, फक्त घशातल्या आणि तोंडातल्या पोकळीतली गुंज बदललेली. हे वाचल्यावर मी ‘आ’काराकडे वळले. जबडा किती उघडा, जीभ कुठे, टाळू किती उचललेली, हे आरशासमोर बसून पाहिलं. जे मी जोरानं मिळवायला पाहत होते, ते जागा मोकळी करून मिळत होतं.

गुरू असते तर ही वर्षं वाचली असती, यात मला शंका नाही. कुणी एकदा मान हलवली असती आणि गंधार चार वर्षांऐवजी चार दिवसांत सापडला असता. समोर शिकवणारं माणूस असेल त्यानं ते सोडू नये, असं मी प्रत्येकीला कळकळीनं सांगते. पण नसेल म्हणून गप्पही बसू नये.

२०२१ साली निवृत्त झाले. आता आमचं सात जणींचं भजन आहे. पहिल्या दिवशी मी कुणाला गायला लावत नाही, ‘हं’ म्हणायला लावते. दोघी काळी पाचच्या निघाल्या, एक पांढरी चारची. एकत्र गाताना तडजोड करावी लागते, पण आपण कुठून तडजोड करतोय हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

गेल्या चतुर्थीला आम्ही माझ्या माहेरच्या खळ्यात बसलो. पखवाजाला बाबांच्या वेळच्या पखवाजी काकांचा नातू होता. त्यानं सवयीनं थाप मारली आणि खळ्यात काळी एक घुमली. माझ्या काळी चारखाली तो मध्यम लागत होता, षड्ज नव्हे. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“काकी, खयची पट्टी?”

“काळी चार.”

त्यानं भावाला लहान तोंडाचा पखवाज आणायला घरी पिटाळलं. पखवाज आला, त्यानं तो मांडीवर आडवा घेतला आणि हातोडीनं एकेक गठ्ठा ठोकत सूर वर चढवू लागला. ठोक, थाप, पुन्हा ठोक. मी भाता मारून काळी चार धरून ठेवली. आत चुलीपाशी भावाची सून सांबारं ढवळत होती. तिला मी हाक मारली, “डाव ठेव गो, भायर ये.”